एका सॉरीचे सत्तेचाळीस दिवस

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच तर त्या माणसाने आपली तब्येत दाखवून घ्यावी. माझ्याच घरात मी 'बाहेर ऊन आहे' म्हटलं तर आमची शैला खिडकी उघडून बघून येते. पण देवाशप्पथ सांगतो, दोन अक्षरांचा एक शब्द तोंडातून काढायला मला सत्तेचाळीस दिवस लागले, आणि तेवढ्या अवधीत एक जिवंत माणूस मेला, परत जिवंत झाला आणि जिवंत असल्याचा दाखलाही घेऊन आला.

हे मी परवा संस्कृतीला सांगितलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि शैलाबरोबर लसूण सोलत होती. जसं सांगितलं तसंच लिहितो आहे. मधे मधे ती जे बोलली तेही ठेवलं आहे, म्हणजे नंतर कुणी मला एकतर्फी म्हणायला नको.

संस्कृती ही नानासाहेबांची नात. आणि नानासाहेब म्हणजे पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मी गारखेड्यात फ्लॅट घेतला, तर त्यांनी मागच्या गल्लीत घर घेतलं. रोज सकाळी साडेसहाला आम्ही मैदानाला चकरा मारायचो. मी बोलायचो आणि ते चालायचे, अशी कामाची वाटणी होती. आमचं बोलणं अरेतुरेचं. इथे त्यांना 'ते' म्हणतो आहे, कारण घडल्या प्रकारानंतर 'तो' म्हणायचा माझा अधिकार राहिलेला नाही.

तर फेब्रुवारीत या संस्कृतीचं लग्न निघालं. मुलगा विश्वजीत, चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. कार्यालय पैठण रोडवर. आणि माइक अर्थातच माझ्या हातात. आमच्याकडच्या लग्नात गुरुजी उशिरा आले तर चालतात, माइकवाला उशिरा आलेला चालत नाही. मंगलाष्टकांच्या आधी आलेल्या प्रत्येक मान्यवराचं नावानिशी स्वागत करावं लागतं. चिठ्ठ्या येत राहतात, आपण वाचत राहायचं. माजी उपसरपंच, आजी उपसरपंच, भावी उपसरपंच. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस जेवतो, पण अक्षता खिशात घालून घरी नेतो.

मुहूर्त बारा एकवीसचा होता. बारा चाळीस झाले. एक मोठे पाहुणे 'वाटेत' होते, आणि मोठे पाहुणे वाटेत असले की मुहूर्तही वाटेत थांबतो. चिठ्ठ्या संपल्या. नानासाहेबांचा मुलगा कृष्णा, म्हणजे हिचे वडील, माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काका, वीस मिनिटं खेचा."

खेचा! असं मला कुणी सांगितलं की माझं काय होतं हे शैलाला विचारा.

"मला काही विचारू नका," शैला म्हणाली. "मी तिसऱ्या रांगेत होते. डोळे मिटून घेतले होते."

समोर दीड हजार माणूस. मी एक गोष्ट सांगायला घेतली. म्हटलं, मंडळी, आज या नातीच्या आजोबांच्या लग्नाची हकिकत ऐका. नवरदेव नानासाहेब, अंतरपाट धरलेला, गुरुजी 'सावधान' म्हणाले आणि हे खरोखरच सावध झाले! मागच्या दाराने निघाले ते थेट पैठणच्या एसटी स्टँडवर. शेवगावच्या गाडीत, मागच्या सीटवर, बाशिंगासकट. आणि नवरी मुलगी, आमच्या द्वारकावहिनी, शालू खोचून गाडीत चढल्या, कंडक्टरला म्हणाल्या, 'हे सामान माझं आहे,' आणि कॉलर धरून...

मांडव फुटायचा बाकी राहिला. बायकांनी पदर तोंडात कोंबले. वराकडचे व्याही तर हसता हसता खुर्चीवरून खाली पडले.

"पडले नव्हते," संस्कृती म्हणाली. "हसले होते."

पडले नसतील, पण कललेले मी पाहिले. आणि त्याच वेळी मला नानासाहेब दिसले. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. बांधणाऱ्याने अर्धा तास घालून बांधलेला फेटा. तो उलगडला, गुडघ्यावर ठेवून नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि मागे पाण्याच्या जारपाशी जाऊन उभे राहिले. नातीच्या डोक्यावर अक्षता त्यांनी तिथून, बोडक्या डोक्याने टाकल्या.

लसणीची एक पाकळी संस्कृतीने बराच वेळ सोलली.

शैला तेवढ्यात दूध बघायला आत गेली, म्हणून मी आवाज खाली आणून तिला खरी गोष्ट सांगितली. अशी गोष्ट घडली होती. पण पळालेला नवरदेव मी होतो. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, पैठणलाच, माझ्या लग्नात. शेवगावच्या गाडीत मी बसलो होतो. आणि गाडीत चढून आले ते नानासाहेब. ते काही बोलले नाहीत. शेजारी बसले, खिशातून शेंगा काढल्या, निम्म्या मला दिल्या. शेंगा संपल्यावर म्हणाले, "चल, भात गार होतोय." बस एवढंच. आणि पुन्हा चव्वेचाळीस वर्षांत हा विषय त्यांनी काढला नाही. मीच काढला, दीड हजार माणसांपुढे, त्यांच्या नावावर घालून.

"मला माहीत आहे ते," स्वयंपाकघरातून शैला म्हणाली. "द्वारकावहिनींनी पहिल्या संक्रांतीलाच सांगितलं होतं."

यानंतर मला गोष्ट पुढे चालू करायला पाणी प्यावं लागलं.

तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला मैदानावर गेलो. नानासाहेब आले होते, पण उलट्या दिशेने चालत होते. गोल मैदानात दोन माणसं उलट दिशांनी चालली की प्रत्येक चकरेत दोनदा समोरासमोर येतात. मी दर वेळी तोंड उघडायचो आणि ते दर वेळी घड्याळ बघायचे. दहा चकरांत वीस वेळा माणसाला तोंड उघडून मिटावं लागलं की ते दिवसभर दुखतं.

शैला म्हणाली, "जा आणि सॉरी म्हणून या. दोन मिनिटांचं काम आहे."

बायकांना वाटतं शब्द म्हणजे पिशवीत घालून नेता येतो. मी विचार करायला बसलो. 'माफ करा' म्हणावं, तर ते आपण दारावर आलेल्या माणसाला पुढे घालवायला म्हणतो. 'दिलगीर आहोत' हे दूरदर्शनवाले म्हणायचे, ऐन मॅचमध्ये पडद्यावर मुंग्या आल्या की. 'क्षमस्व' म्हणालो तर कीर्तनाला उभा राहिलो असं वाटेल. 'चुकलं माझं' हे बरोबर होतं, पण त्याची जिभेला सवय नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी ते कधी लिहिलं नाही, 'नजरचुकीने' असं लिहिलं. म्हणजे चूक नजरेची, मी आपला बाजूला उभा होतो.

राहता राहिलं सॉरी. पण कुठलं? मी एक वही केली आणि आठवडाभर कान उघडे ठेवले. रिक्षावाल्याने माझ्या चपलेवरून चाक नेलं आणि म्हणाला, "सॉरी अंकल, दिखेच नै." अर्थ: दोष तुमचा, तुम्ही दिसला नाहीत. बँकेतली मुलगी म्हणाली, "सॉरी सर, सर्व्हर डाउन आहे." अर्थ: उद्या या. बंगळुरूहून मुलगा अमेय म्हणाला, "सॉरी बाबा, कॉलवर आहे." अर्थ: ठेवा. त्याची मुलगी सावनी चौथीत आहे. ती शिंकली तरी सॉरी म्हणते, सुट्टीत आली की कॅरममध्ये माझी सोंगटी घालवली तरी सॉरी म्हणते, आणि दुसऱ्या वेळी तर आनंदाने म्हणते. वरच्या मजल्यावरचा माणूस 'सॉरी हं, पण...' अशी सुरुवात करतो तेव्हा समजावं की भांडण आहे. मान तिरकी करून नुसतंच 'सॉरी?' म्हटलं की अर्थ होतो, काय बरळलात ते पुन्हा बरळा. आणि डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढून म्हणतात ते सॉरी. त्याचा अर्थ: पाहुण्यांना फोन लावा.

एकोणतीस अर्थ निघाले. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. म्हणणारा माणूस जरासा तरी खाली वाकतो, असा त्यात एकही नव्हता.

इथे आमच्या इमारतीतले आप्पासाहेब गोष्टीत शिरतात. आप्पासाहेब तहसीलमधून निवृत्त झाले, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. वही बघून म्हणाले, "व्यंकटराव, तोंडी सॉरी हवेत जातं. स्टँप पेपरवर करा, नोटरी करा, एक प्रत त्यांना, एक तुम्हाला. माणूस गार पडतो."

झालं. गेलो कोर्टाजवळ. टायपिंगवाल्याने विचारलं, "कशाबद्दल ॲफिडेव्हिट?" म्हटलं, सॉरीबद्दल. तो म्हणाला, "असा मजकूर नाय आपल्याकडं. नावात बदल आहे, जन्मतारखेत बदल आहे, रेशनकार्ड हरवलं आहे, कॉलेजचा गॅप आहे." बराच खल झाला. शेवटी तो म्हणाला, "दोघांत गॅप पडलाय ना? मंग गॅपमधेच बसवू." नोटरीसाहेबांनी कागद वाचला आणि ज्याला सॉरी म्हणायचं त्याचं आधार कार्ड मागितलं. जो माणूस माझ्याकडे बघत नाही त्याच्याकडे आधार कार्ड कसं मागणार? मग म्हणाले, ठीक आहे, प्रकार डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार आणा. साक्षीदारांना काय तोटा! दीड हजार होते. त्यांतले दोन आणले. नोटरीसाहेब म्हणाले, नेमकं काय घडलं ते सांगा. साक्षीदार सांगायला लागले आणि निम्म्यात दोघांनाही हसू आवरेना. नोटरीसाहेबही हसले. त्यांनी शेजारच्या वकिलांना बोलावलं, "अहो, हे ऐका, नवरदेव शेवगावच्या गाडीत!" संध्याकाळपर्यंत ती गोष्ट कोर्टाच्या आवारातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचली होती. मी कार्यालयात लावलेली आग कोर्टात नेऊन तिला वारा घातला.

मला वाटतं, तेव्हाच मी उठून मागच्या गल्लीत गेलो असतो तर बरं झालं असतं. पावलं किती? दोनशे दहा. मी नंतर मोजली.

पण वाटेत सुदर्शन भेटला. सुदर्शनचं चौकात फ्लेक्सचं दुकान आहे. म्हणाला, "काका, इज्जत पब्लिकमधी गेली ना? मंग पब्लिकमधीच भरून द्यायची. दहा बाय पंधरा मारू. एकदम कडक." मला पटलं. का पटलं ते आता आठवत नाही.

फ्लेक्सवर नारिंगी अक्षरांत 'सॉरी नानासाहेब!' मध्यभागी मी, फेट्यात, हात जोडून. माझा हात जोडलेला फोटो घरात सापडला नाही, म्हणून सुदर्शनने कुणा माजी नगरसेवकाचे हात मला लावले. त्या हातांत चार अंगठ्या होत्या. माझ्या दोन बाजूंना शुभेच्छुक. फ्लेक्सला शुभेच्छुक लागतात हे मला ठाऊक नव्हतं, पण आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सतरा जणांनी फोटो पाठवले. आप्पासाहेब मार्गदर्शक झाले. आता नानासाहेबांच्या फोटोला जागाच उरली नाही! मग वरच्या कोपऱ्यात एक गोल काढला आणि त्यात त्यांचा ओळखपत्रावरचा काळापांढरा फोटो बसवला. गोल मोकळा दिसत होता, म्हणून सुदर्शनने भोवती झेंडूची माळ टाकली. खाली एक समई.

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्याही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नानासाहेबांनी दार उघडलं तर बाहेर चाळीस माणसं, हातात हार.

"सात होती," संस्कृती म्हणाली. "हार एकाकडंच होता."

पण पैठणच्या मुक्ताबाई आल्या होत्या की नाही? पहिल्या एसटीने आल्या होत्या. नानासाहेबांची चुलतबहीण. गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या. दारात नानासाहेब, तोंडात ब्रश. त्यांना बघूनही बाईंचं रडणं थांबेना. म्हणाल्या, "रडू दे रे मला नाना, तिकीट काढून आलेय." द्वारकावहिनींनी सगळ्यांना चहा केला. स्वतःच्या सांत्वनाला आलेल्या माणसांना नानासाहेबांनी स्वतः कप दिले. अमेयचाही मला बंगळुरूहून निरोप आला, 'सो सॉरी बाबा, केव्हा झालं?' वहीत तिसावा अर्थ लिहिला.

हसण्यावारी गेलं असतं. पण त्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत त्यांच्या बँकेत पोचला आणि खात्यावर 'मयत' असा शेरा पडला. नानासाहेब बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सॉरी सर, सिस्टिममध्ये तुम्ही नाही आहात." मग हयातीचा दाखला. त्यासाठी मशिनवर अंगठा. नानासाहेब सुट्टीच्या दिवशी आयुष्यभर शेतात राबले आहेत, अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत. मशीन त्यांना ओळखेना. एप्रिलच्या उन्हात तो माणूस मी जिवंत आहे हे सांगायला पाच खेपा घालत होता.

"तीन," संस्कृती म्हणाली. मग म्हणाली, "तीनसुद्धा आबांना लई होत्या."

मी तो फ्लेक्स उतरवायला गेलो तर आधीच उतरवलेला होता. विनापरवाना फलक म्हणून महापालिकेची नोटीस मात्र माझ्या नावाने घरी आली. सतरा शुभेच्छुकांपैकी एकाच्याही नावाने आली नाही. आप्पासाहेबांना नोटीस दाखवली, तर म्हणाले, "सॉरी, मी फक्त मार्गदर्शक होतो."

त्यानंतर नानासाहेब मैदानावर यायचे बंद झाले. मी एकटाच चकरा मारायचो. एकट्याने बोलत चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक बघतात, म्हणून बोलणंही बंद केलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण तोंड बंद ठेवून चाललं की ते मैदान फार मोठं लागतं.

मग एक दिवस शैला भाजी घेऊन आली आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, "नानांनी घर विकलं. कृष्णाची बदली झाली, तेही त्याच्याबरोबर नाशिकला चाललेत. बुधवारी टेम्पो येतोय."

बुधवार म्हणजे सत्तेचाळिसावा दिवस.

त्या दिवशी मी सहालाच आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. वही घरी ठेवली. आठ वाजता निघालो आणि दोनशे दहा पावलं न थांबता चाललो. वर जाऊन बेल दाबली. दार द्वारकावहिनींनी उघडलं. म्हणाल्या, "या भावजी, वाटच बघत होते." घरभर खोकी. नानासाहेब एका खोक्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो. मग मी म्हटलं, "नाना, सॉरी."

एकतिसावा अर्थ! नानासाहेब उठले. म्हणाले, "व्यंकट, लई उशीर केला रे." आणि त्यांनी मला मिठी मारली. ते रडले, मी रडलो. वहिनी तर भिंतीला टेकून रडल्या. फ्रिज घेऊन जिन्यात निघालेले दोन हमाल, त्यांनी फ्रिज खाली ठेवला आणि तेही रडले. मुकादम वर ओरडत आला, त्याने हा देखावा पाहिला आणि खिशातून रुमाल काढला. वहिनींनी बांधलेल्या खोक्यातून कढई काढून सगळ्यांना शिरा केला. टेम्पो दहाचा होता, तो साडेबाराला हलला. जाताना नानासाहेबांनी काच खाली केली आणि...

"व्यंकटआजोबा," संस्कृती म्हणाली.

तिने लसणीचं ताट खाली ठेवलं. शैला दूध घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली.

"मी तिथंच होते," संस्कृती म्हणाली. "मंगळवारीच आले होते, आजीला आवरू लागायला. आबा सकाळपासून गॅलरीत उभे होते. तुम्ही कोपऱ्यावर दिसलात तेव्हा त्यांनी आत आवाज दिला, 'अगं, व्यंकट आला बघ, चहा टाक.' तुम्ही आलात. फाटकाच्या कडीला हात लावलात. टेम्पोवाला मागं घेत होता, त्याच्या मधे आलात म्हणून त्याला सॉरी म्हणालात, आणि वळून निघून गेलात. आबांना वर ऐकू आलं ते. टेम्पो भरून होईपर्यंत ते तिथंच उभे होते, दोन्ही कप कठड्यावर ठेवून."